वाडीच्या चौकात ज्येष्ठांचा व्यायामगट: बिनखर्चाने कसा चालवावा

बडोद्यात म्हाताऱ्या माणसाला व्यायाम सांगायचा म्हटलं की कमाटी बागेत फिरायला पाठवतात. पण दांडिया बाजारात चार घरच्या पोळ्या लाटणाऱ्या मावशींना सकाळची सवड नसते आणि रिक्षाचं भाडं परवडत नाही. शिवाय पडण्यापासून वाचवतो तो पायांतला जोर आणि तोल. नुसत्या चालण्याने तो पुरेसा येत नाही. म्हणून गट वाडीच्या चौकातच भरवावा: आठवड्यातून तीन संध्याकाळी, चाळीस मिनिटं. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर, फरशी निवल्यावरच.

सामान म्हणजे बिनहाताच्या भक्कम खुर्च्या, दोघांत एक, आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याने भरलेल्या बाटल्या. बाटली म्हणजे अर्ध्या किलोचं वजन. खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली हवी, नाहीतर उठताना ती मागे सरकते.

आधी सात-आठ मिनिटं बसूनच घोटे, खांदे, जागच्या जागी पावलं. मग मुख्य काम, उठबस. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकावं, टाचा थोड्या मागे घ्याव्यात, पुढे वाकून उभं राहावं आणि चार आकडे मोजत सावकाश बसावं. पहिल्या आठवड्यात पाचच वेळा, नंतर आठच्या दोन फेऱ्या. धपकन बसणं होत असेल तर मांड्या थकल्या आहेत; बैठकीवर घडी केलेली गोधडी ठेवून उंची वाढवावी. आकडे सगळ्यांनी मोठ्याने म्हणावेत, कारण श्वास कोंडला की रक्तदाब चढतो.

तोलासाठी भिंतीजवळ उभं राहून पावलं जुळवावीत, मग एक अर्धं पुढे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, शेवटी एका पायावर. हात न लावता दहा सेकंद जमल्याशिवाय पुढची पायरी नाही. इथे घाई केली की माणूस पडतो.

शेवटची दहा मिनिटं खेळाची: मोज्यांचे गोळे सहा-सात फुटांवरच्या बादलीत टाकायचे, प्रत्येक फेकीआधी एक उठबस. नवरात्रात बे ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा गरबा, संथ लयीत घ्यावी. वजन या पायावरून त्या पायावर नेण्याचा तो उत्तम सराव आहे. गिरक्या मात्र गाळाव्यात, चक्कर येते.

झिजलेल्या रबरी चपला नकोत. पट्ट्याचे सँडल चालतील. मधुमेहात तळपाय बधिर असतील तर अनवाणी उभं करू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी येऊ नये. त्यांच्यापैकी कुणाला घाम फुटून थरथर सुटली तर रक्तातली साखर उतरली समजून तीन चमचे साखर पाण्यात द्यावी आणि पंधरा मिनिटं बसवावं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ लावावा. छातीत दुखलं तरीही १०८च लावावा.

लोक गळतात ते बहुधा सुरुवातीलाच, मांड्या भरून आल्यावर. दोन-तीन दिवस दुखेल हे आधीच सांगावं. सांधा मात्र करता करता जास्त दुखू लागला तर थांबवावं. वर्गणी दहा रुपयेही ठेवू नये, ज्याच्याकडे नसतात तो लाजेने घरी बसतो. शेजारच्या दोघांची जोडी लावावी. एक आला नाही तर दुसऱ्याने जाऊन दार वाजवायचं.

महिन्यातून एकदा, हात छातीवर बांधून तीस सेकंदांत किती उठबशा होतात ते वहीत नावापुढे लिहावं. आकडा ज्याच्या त्याच्या मागच्या महिन्याशीच ताडावा, शेजाऱ्याच्या आकड्याशी नाही.