टेक्सटाईल फेअरला पहिल्यांदा चाललात? मग आधी टीसी, म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, समजून घ्या

मराठवाड्यातनं फॅशन डिझाईन करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितेय, खास करून ज्यांच्या घरी अजून फॅशन म्हणजे शिवणक्लास समजतात त्यांच्यासाठी. जीएसएम म्हणजे कापडाचं वजन, काउंट म्हणजे सुताची जाडी, विणीचे प्रकार हे कॉलेजात झालेच असतील, ते सोडते. दिल्लीच्या भारत टेक्ससारख्या कापडाच्या मोठ्या फेअरला गेलं की हॉल बघूनच दडपण येतं आणि जिकडं बघावं तिकडं हिरवी पानं अन् 'सस्टेनेबल'चे बोर्ड.

आता मेन मुद्दा. ऑरगॅनिक कॉटन विचारलं की स्टॉलवाले गॉट्सचं, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाईल स्टँडर्डचं सर्टिफिकेट दाखवतात. मी फोटो काढला, कॉलेजच्या प्रोजेक्टला लावला आणि तो तपासणाऱ्या ज्युरीत पहिलाच प्रश्न आला, टीसी कुठंय? मी तो शब्दच ऐकला नव्हता. ती वेळ तुमच्यावर नको म्हणून सविस्तर सांगते. स्टॉलवर दाखवतात ते स्कोप सर्टिफिकेट. ही कंपनी असा माल बनवू शकते एवढंच ते सांगतं, आणि तीच कंपनी साधं कॉटनही विकत असते. तुमच्या हातातला ताका ऑरगॅनिक आहे का, हे त्या मालाच्या ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटवरच कळतं, कुणी कुणाला कोणता माल किती विकला ते त्यात असतं, यालाच टीसी म्हणतात. स्कोपवरची तारीख बघा, कंपनीचं नाव गॉट्सच्या वेबसाईटवर टाकून बघा. दोन-चार मीटरसाठी कुणी टीसी काढून देणार नाही, तो हट्ट नको, पण याच क्वालिटीचा जुना टीसी बायरचं नाव झाकून दाखवता का असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर प्रोजेक्टमध्ये 'सप्लायरचं म्हणणं' असं स्पष्ट लिहा, त्यात काही कमीपणा नाही. आणि कापड खरंच सर्टिफाईड असलं तरी शिवणारं युनिट सर्टिफाईड नसेल तर कपड्यावर गॉट्सचा लोगो लावता येत नाही.

ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे घातक केमिकलची तपासणी, ऑरगॅनिकशी त्याचा संबंध नाही, पॉलिस्टरलाही ते मिळतं. 'बांबू'चं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं, बांबूचा लगदा केमिकलमध्ये विरघळवून काढलेलं. लायोसेलही लगद्यापासूनच काढतात, पण त्याची प्रोसेस वेगळी, त्यात विरघळवणारं केमिकल, म्हणजे सॉल्व्हंट, जवळजवळ सगळं परत वापरतात, म्हणून नुसतं बांबू म्हणाले की पुढचा प्रश्न प्रोसेसचा. दोरा जाळून बघायची युक्ती सीनियर सांगतील, त्यानं पॉलिस्टर पकडता येतं कारण ते वितळून कडक गोळी होते, पण कॉटन आणि व्हिस्कोस दोन्ही कागदासारखेच जळतात आणि ऑरगॅनिक तर जाळून कधीच कळणार नाही.

सप्लायर लिस्टच्या पीडीएफ विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा ज्या मॅडम तुमच्या फाईलवर लाल पेन चालवतात त्यांच्या मागं लागा.

आणि इंग्रजी अडखळतं म्हणून स्टॉलवर जायला घाबरू नका, खरंच नका. हिंदीत बोला, सगळे बोलतात. कापूस आपल्या घरचा विषय आहे. २००२ ला बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आता आपल्याकडं शिवारात बहुतेक बीटीच दिसतो, तर गॉट्सला जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं बियाणं (बीटी त्यातलंच), अजिबात चालत नाही. म्हणजे कुणी 'मराठवाड्याचं ऑरगॅनिक कॉटन' म्हणालं तर बियाणं कोणतं, शेतकरी गट कोणता, जिनिंग कुठं झालं, हे तुम्ही विचारू शकता, मोठ्या शहरातल्या पोरांना हे सुचतसुद्धा नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं देशी कापसाचे वाणही काढलेत, तेही माहीत करून घ्या.

फेअरच्या आधी दिवाळीनंतर सेलू-मानवतकडच्या एखाद्या जिनिंगला ओळख काढून जाऊन या. सरकी वेगळी होऊन रुईची गाठ कशी बांधतात आणि वेगवेगळ्या गावचा कापूस तिथं कसा एकत्र होतो ते बघितलं की टीसी कशासाठी लागतो हे मला परत सांगावं लागणार नाही.