दहावीनंतर गणित कोणते आणि किती: बेळगाव सीमाभागातील विद्यार्थी व पालकांसाठी

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातील दहावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी घरांत सायन्स घ्यायचे की कॉमर्स, याची चर्चा सुरू होते आणि आठवडाभरात प्रवेशाचा अर्ज भरून ती संपतेही. गणिताचा निर्णय मात्र इतक्या घाईत घेण्याजोगा नाही. पुढच्या कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते गणित लागते, प्रवेश कर्नाटकातून घ्यायचा आहे की महाराष्ट्रातून, आणि दहावीपर्यंतचा पाया खरोखर किती पक्का आहे, या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. बहुतेक घरांत पहिलीचीच चर्चा होते. सीमाभागात दुसरीचे महत्त्व तितकेच असते आणि विद्यार्थी प्रत्यक्षात अडतो तो तिसरीवर. त्यामुळे हे नियोजन नववीच्या अखेरीस किंवा दहावीच्या सुरुवातीस हाती घेणे उत्तम.

आधी शेवट ठरवावा, मग मागे यावे

विद्यार्थ्याला पुढे जे शिकावेसे वाटते, असे दोन-तीन पर्याय कागदावर लिहावेत आणि प्रत्येकासमोर बारावीच्या गणिताची अट काय आहे ते नोंदवावे. कर्नाटकात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी द्वितीय पीयूसीला (पीयूसीची दोन वर्षे म्हणजे तेथील अकरावी-बारावी) भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय अनिवार्य आहेत. तिसरा विषय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी चालतो. आर्किटेक्चरलाही भौतिकशास्त्र आणि गणित लागते. औषधनिर्माणशास्त्रात गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणत्याही गटातून जाता येते, तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत गणिताचा पेपरच नसतो. असे असले तरी नीटमधील भौतिकशास्त्राची उदाहरणे बीजगणित, त्रिकोणमिती आणि आलेख यांच्या सरावाशिवाय सुटत नाहीत, हे ‘गणित नको म्हणून डॉक्टर होतो’ असे सांगणाऱ्या मुलाला वेळीच समजावून द्यावे.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे, तेथील अनेक मुलांच्या मनात सैन्याचा विचार असतो, म्हणून एनडीएविषयी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीविषयी, थोडे सविस्तर लिहितो. एनडीएच्या लष्कर शाखेसाठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते. ही माहिती खरी असली तरी ती अर्धीच आहे, कारण लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर सर्वांनाच द्यावा लागतो आणि त्यात निश्चयक, कलन, सदिश, संभाव्यता असे अकरावी-बारावीचे विषय असतात. नौदल आणि हवाई दलासाठी तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असणेच आवश्यक आहे. म्हणजे कला शाखेत जाऊन एनडीएची तयारी करू म्हणणारा विद्यार्थी गणितातून सुटत नाही. ते गणित त्याला शिक्षकाविना, स्वतःच्या बळावर शिकावे लागते.

वाणिज्य शाखेत गणिताशिवाय बी. कॉम. करता येते. पण सीए फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात, म्हणजे क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडमध्ये, व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्र मिळून १०० पैकी ८० गुणांचे असते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेश हवा असेल तर बारावीला गणित लागते. कला शाखेच्या बाबतीत एवढेच म्हणता येईल की स्पर्धा परीक्षांमधील अंकगणित दहावीच्या पातळीचे असते आणि त्यासाठी पीयूसीला गणित घेण्याची गरज नाही.

पीयूसीचे कॉम्बिनेशन

कर्नाटकात विषय सुटे निवडता येत नाहीत. कॉलेज जे कॉम्बिनेशन देते त्यातूनच निवड करावी लागते. विज्ञान शाखेत पीसीएमबी, पीसीएमसी आणि काही ठिकाणी पीसीएमई हे गट असतात, म्हणजे भौतिक, रसायन आणि गणित यांच्या जोडीला अनुक्रमे जीवशास्त्र, संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स. बहुतेक कॉलेजांत जीवशास्त्र घेणाऱ्यालाही गणित घ्यावेच लागते. महाराष्ट्रात अकरावीला गणित वगळून जीवशास्त्राचा गट घेता येतो. चंदगड किंवा गडहिंग्लजला राहणाऱ्या नातेवाइकांच्या मुलांकडे पाहून निर्णय घेणाऱ्यांच्या हा फरक बऱ्याचदा लक्षात येत नाही.

‘दोन्ही वाटा मोकळ्या राहतील’ म्हणून सरसकट पीसीएमबी घ्यावे, हा सल्ला मला अर्धवट वाटतो. ज्याचे मन खरोखरच अभियांत्रिकी आणि जीवशास्त्राशी संबंधित अभ्यासक्रम यांच्यात अडकले आहे, किंवा ज्याला कर्नाटकात कृषी पदवीकडे जायचे आहे, त्याने पीसीएमबी अवश्य घ्यावे. पण ज्याचा अभियांत्रिकीचा निश्चय झाला आहे, त्याच्या दृष्टीने जीवशास्त्राच्या पाठांतरात जाणारा वेळ गणिताच्या सरावातून वजा होतो, आणि गणित हा रोज वेळ मागणारा विषय आहे. अशा विद्यार्थ्याला संगणकशास्त्राचा गट अधिक सोयीचा पडतो.

वाणिज्य शाखेत एचईबीए, एसईबीए, सीईबीए असे गट आहेत, म्हणजे अर्थशास्त्र, व्यवसाय अभ्यास आणि लेखाशास्त्र यांच्या जोडीला अनुक्रमे इतिहास, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र. यांपैकी एसईबीएमध्ये संख्याशास्त्र आहे, तर काही कॉलेजांत बेसिक मॅथ्स हा विषय असलेले गट मिळतात. सीएचा विचार असल्यास संख्याशास्त्राचा किंवा बेसिक मॅथ्सचा गट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र बेसिक मॅथ्स आणि विज्ञान शाखेचे गणित हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्याच्या आधारे अभियांत्रिकीला जाता येत नाही. सीबीएसईच्या शाळांतही असाच फरक आहे. दहावीला गणिताचे स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन स्तर असतात, आणि अकरावीपासून नियमित गणित व अप्लाइड मॅथेमॅटिक्स असे दोन विषय. दहावीला सोपे म्हणून बेसिक निवडण्यापूर्वी अकरावीला नियमित गणित मिळेल का, हे शाळेत विचारून घ्यावे.

दोन राज्ये, दोन प्रवेश परीक्षा

सीमाभागातील विद्यार्थ्याला एक सोय अशी आहे, जी इतरांना नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तेथूनच दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी ‘ई’ प्रकारची स्वतंत्र पात्रता आहे. त्यासाठी सीमाभागातील रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दाखले विहित नमुन्यात लागतात. ते निकालानंतरच्या धावपळीत न काढता आधीच काढून ठेवावेत. दोन्ही राज्यांचे दरवाजे उघडे आहेत म्हणून दोन्हीकडची परीक्षा देऊ, असे अनेक जण ठरवतात. ठरवावेही, पण या दोन परीक्षांमध्ये गणिताचे स्थान किती वेगळे आहे हे समजून घेऊनच.

कर्नाटकच्या केसीईटीमध्ये गणिताचे ६० प्रश्न, प्रत्येकी एका गुणाचे, ८० मिनिटांत सोडवायचे असतात. भौतिक आणि रसायन यांचेही तितकेच प्रश्न असल्याने अभियांत्रिकीच्या १८० गुणांत गणिताचा वाटा एक तृतीयांश होतो. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीमध्ये गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे आणि त्यांसाठी ९० मिनिटे असतात. भौतिक व रसायन मिळून १०० गुण, एकट्या गणिताचे १००. म्हणजे तेथे निम्मा निकाल गणितावर ठरतो. दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.

याहून महत्त्वाचा फरक क्रमवारीचा आहे. केसीईटीत अभियांत्रिकीची क्रमवारी लावताना द्वितीय पीयूसीच्या भौतिक, रसायन व गणित या विषयांतील गुणांना ५० टक्के आणि प्रवेश परीक्षेच्या गुणांना ५० टक्के महत्त्व दिले जाते. महाराष्ट्रात बारावीचे गुण पात्रतेपुरते पाहिले जातात आणि गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते. जो विद्यार्थी पायऱ्या नीट लिहून बोर्डाच्या पेपरात चांगले गुण मिळवतो पण घड्याळासमोर गडबडतो, त्याने कर्नाटकाच्या वाटेवर अधिक भर द्यावा. पीयूसीच्या गणितात ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असल्याने वर्गातल्या नियमित कामाचाही त्याला फायदा होतो.

अभ्यासक्रमाचे काय, हा प्रश्न यानंतर येतो. पीयूसीला एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके आहेत, तर एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर आधारलेली असते. संच, फलने, निश्चयक, विकलन, संकलन असा मोठा भाग सामाईक आहे. पण महाराष्ट्राच्या बारावीतील गणितीय तर्कशास्त्र, रेषायुग्म आणि द्विपद वितरण ही प्रकरणे पीयूसीच्या सध्याच्या पुस्तकांत स्वतंत्रपणे येत नाहीत. ती महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतून वेगळी करावी लागतात. ही प्रकरणे फार अवघड नाहीत. तर्कशास्त्राचे प्रकरण तर थोड्या दिवसांत होण्यासारखे आहे. प्रथम पीयूसीनंतरच्या सुट्टीत ती उरकावीत आणि द्वितीय वर्षात केवळ उजळणी ठेवावी. आणखी एक बाब म्हणजे एमएचटी-सीईटीत भौतिक व रसायन या विषयांसाठी मराठीचा पर्याय असला तरी गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्याला तेथेही इंग्रजी टळत नाही.

अकरावीलाच महाराष्ट्रात जाण्याचा विचार असेल, तर कर्नाटकच्या जागांवरील हक्कासाठी लागणारी राज्यातील किमान ७ वर्षांच्या शिक्षणाची आणि त्यासोबतची परीक्षेविषयीची अट आपल्या बाबतीत पूर्ण होते का, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच पाऊल उचलावे.

पाया तपासण्याची रीत

दहावीच्या गुणांवरून पीयूसीच्या गणिताचा अंदाज बांधता येत नाही. ठरावीक प्रश्नप्रकारांच्या सरावाने चांगले गुण मिळतात आणि बैजिक क्रियांमधील कच्चेपणा झाकला जातो. पीयूसीत मुले विकलनामुळे नापास होतात असे म्हणतात. प्रत्यक्षात उत्तरपत्रिका पाहिल्या तर चूक बहुधा आठवी-नववीच्या बीजगणितात सापडते.

एक उदाहरण पाहू. (३क्ष² + २) ÷ (क्ष − १) या राशीचे विकलन करायचे आहे. भागाकाराचे सूत्र लावले की अंशस्थानी ६क्ष(क्ष − १) − (३क्ष² + २) असे येते. येथपर्यंतचे काम नवे आहे आणि ते बहुतेकांना जमते. पुढे कंस सोडवताना उणे चिन्ह दोन्ही पदांना लागते, म्हणून उत्तराचा अंश ३क्ष² − ६क्ष − २ येतो. घाईत केवळ पहिल्या पदाचे चिन्ह बदलणारा विद्यार्थी शेवटी + २ लिहितो, आणि कलन बरोबर येऊनही त्याचे उत्तर चुकते. म्हणून प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याला अवयव पाडणे, अपूर्णांकी राशींची बेरीज, घातांकाचे नियम, वर्गसमीकरण आणि त्रिकोणमितीची नित्यसमीकरणे यांवरील वीसेक उदाहरणे पुस्तक मिटून सोडवायला द्यावीत. उत्तर चूक की बरोबर एवढेच न पाहता कोणत्या ओळीत चुकले ते पाहावे. चुका चिन्हांच्या आणि कंसांच्या असतील तर सुट्टीत भरून निघतील. पण उदाहरण कोठून सुरू करावे हेच कळत नसेल, तर विज्ञान शाखेचा निर्णय थोडा थांबून, शिक्षकांशी बोलून घ्यावा.

मराठी माध्यमातून पीयूसीकडे

सीमाभागात मराठी माध्यमाची सोय दहावीपर्यंत आहे. पीयूसीचे विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते. या एका कारणासाठी चांगले गणित येणारी मुले कॉमर्स किंवा आर्ट्सकडे वळतात, आणि मला हे सर्वाधिक खटकते. गणितात भाषेचा भार इतर विषयांपेक्षा कमी असतो. चिन्हे तीच राहतात, रीत तीच राहते. बदलतात त्या संज्ञा आणि प्रश्न विचारण्याची धाटणी.

तयारी सोपी आहे. दहावीच्या गणिताचे इंग्रजी माध्यमाचे पाठ्यपुस्तक मिळवावे आणि आपल्या मराठी पुस्तकाशेजारी ठेवून एकेक प्रकरण वाचावे. दोन्हींत उदाहरणे तीच असल्याने अर्थ आपोआप लागत जातो. शब्दांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नये; त्याऐवजी शाब्दिक उदाहरणे इंग्रजीतून वाचून त्यांची समीकरणे मांडण्याचा सराव करावा, कारण खरी अडचण तेथेच येते. प्रमेयाची सिद्धता इंग्रजीत लिहिण्याचा सरावही दहावीच्या प्रमेयांवरच करून घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत रोज तासभर दिला तर जूनमध्ये वर्गात बसल्यावर प्राध्यापकांचे बोलणे परके वाटत नाही.

डिप्लोमाच्या वाटेविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. एसएसएलसीनंतर पॉलिटेक्निकला जाऊन पुढे डीसीईटी या डिप्लोमाधारकांच्या प्रवेश परीक्षेमार्फत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो आणि तीन वर्षांत हाताला काम मिळण्याची शक्यता निर्माण होते, त्यामुळे अनेक कुटुंबांसाठी हा शहाणपणाचा पर्याय ठरतो. पण तो गणित टाळण्यासाठी निवडू नये. डिप्लोमातही अभियांत्रिकी गणित असते.

प्रवेश घेतल्यानंतर पहिले काही आठवडे विद्यार्थ्याच्या गणिताच्या वहीकडे पालकांनी लक्ष द्यावे. संच, संबंध व फलने आणि त्रिकोणमितीय फलने ही सुरुवातीची प्रकरणे पुढच्या बहुतेक प्रकरणांत वापरली जातात, आणि ती मागे पडली तर दिवाळीनंतर क्लास लावूनही भरून काढणे जड जाते. गट बदलायचाच असेल तर त्यासाठीची मुदतही याच सुरुवातीच्या काळात असते. कॉलेजच्या कार्यालयात तिची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करून ठेवावी.