ऑथेंटिकेशनमध्ये काम करायचंय? आधी ते सहा आकडे स्वतः काढा

ऑथेंटिकेशन म्हणजे समोरचा माणूस तोच आहे याची खातरजमा. लॉगिन, ओटीपी, पासकी (पासवर्डऐवजी फोनमधली किल्ली) याच कामात माझी आजवरची नोकरी गेली. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात दर पावसाळ्यात कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं येतात. तयार लायब्ररी जोडून लॉगिन चालू करणं त्यांना सहज जमतं. ‘ग्राहकाच्या फोनचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर काय होईल?’ असं विचारलं की मात्र गप्प होतात. या क्षेत्रात पाय रोवायचे असतील आणि पुढे स्वतःचं काही शोधायचं असेल, तर मी त्यांना कामाचा एक क्रम लावून देते. तोच इथे लिहिते आहे. कोणतीही एक प्रोग्रॅमिंगची भाषा आणि बिट-बाइटची तोंडओळख एवढं भांडवल पुरतं.

ऑथेंटिकेटरचा कोड हाताने लिहा

एसएमएसने येणारा ओटीपी सर्व्हर स्वतः बनवून पाठवतो, त्यात शिकण्यासारखं थोडं आहे. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड घ्या. भुयारी मेट्रोत रेंज गेली तरी तो बदलत राहतो, कारण सर्व्हर आणि फोन दोघांकडे एकच गुप्त किल्ली आहे आणि वेळही एकच आहे. त्यांना एकमेकांशी बोलावंच लागत नाही.

कृती अशी. १ जानेवारी १९७० पासून झालेले सेकंद घ्या, ३० ने भागा, अपूर्णांक सोडून द्या. उरलेली संख्या ८ बाइटमध्ये लिहा, मोठा बाइट आधी. ती आणि किल्ली एचमॅक-शा१ ला (दोन्ही मिसळून ठरावीक लांबीचा ठसा काढणारं गणित) द्या, २० बाइट बाहेर येतील. त्यातल्या शेवटच्या बाइटचे खालचे ४ बिट म्हणजे ० ते १५ मधली एक संख्या. तितके बाइट सोडून पुढचे सलग ४ बाइट उचला, सगळ्यात वरचा बिट शून्य करा आणि आलेल्या संख्येला १० लाखांनी भागा. बाकी उरेल तो तुमचा कोड. बाकी सहा अंकांहून लहान असेल तर आधी शून्यं लावा. वरचा बिट का घालवायचा? काही भाषा त्या ४ बाइटना ऋण संख्या समजतात, काही समजत नाहीत. उत्तर सगळीकडे सारखं यावं म्हणून ही तजवीज.

आता ताळा करा. ही पद्धत डिसेंबर २००५ च्या आरएफसी ४२२६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती नोंदवणारा जाहीर कागद) काउंटरसाठी, म्हणजे दर वेळी एकाने वाढणाऱ्या संख्येसाठी लिहिली गेली. त्यातली चाचणीची किल्ली म्हणजे १ ते ९ आणि ० हे इंग्रजी अंक ओळीने दोनदा, एकूण २० बाइट. काउंटर ० असताना ७५५२२४ यायला हवेत, १ असताना २८७०८२. मग २०११ ची आरएफसी ६२३८ उघडा, जिथे काउंटरच्या जागी वेळ आली. तिथे ५९ व्या सेकंदाचा आठ अंकी कोड आहे ९४२८७०८२. शेवटचे सहा अंक पाहा: तेच २८७०८२. ५९ ला ३० ने भागून पूर्णांक १ येतो, म्हणून. हे आपल्या स्क्रीनवर जुळलेलं पाहिलं की दोन्ही कागद एकदम उलगडतात. जावास्क्रिप्टवाल्यांनी एक सांभाळा: तिथे बिटच्या क्रिया ३२ बिटांतच चालतात, तेव्हा ८ बाइट दोन भागांत भरा.

सर्व्हरची बाजूही लिहा. घड्याळं थोडी मागेपुढे असतात म्हणून आधीच्या आणि नंतरच्या ३० सेकंदांचा कोडही चालवून घ्यायचा. म्हणजे कोणत्याही क्षणी १० लाखांपैकी तीन कोड बरोबर ठरतात. प्रयत्नांवर मर्यादा घातली नाही आणि सेकंदाला हजार अंदाज करू दिले, तर काही मिनिटांत कोणीही आत शिरेल. एकदा चाललेला कोड दुसऱ्यांदा चालता कामा नये, हेही विसरू नका.

पासवर्ड साठवताना मराठी टाइप करून पाहा

इतिहास थोडक्यात. संगणकावरचे पहिले पासवर्ड एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आले, फर्नांडो कोर्बाटो यांच्या देखरेखीखाली. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या अनुभवावरून दाखवलं की हॅश (पासवर्डऐवजी साठवायचा, उलटा न फिरवता येणारा ठसा) मुद्दाम संथ हवा आणि प्रत्येक पासवर्डला वेगळा सॉल्ट (हॅशआधी मिसळायचे कसेही निवडलेले बाइट) हवा. असा संथ हॅश काढणारा बीक्रिप्ट १९९९ चा, आणि २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा अर्गॉन२ ने जिंकली. नवं काम असेल तर अर्गॉन२ घ्या. तुमच्या सर्व्हरवर एका तपासणीला साधारण पाव सेकंद लागेल असा बेतून ठेवा.

पुढचा प्रयोग पुस्तकांत क्वचितच असतो, म्हणून तो आवर्जून करा. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची नेहमीची पद्धत) ३ बाइट खातं आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे २४ चिन्हं संपली की पुढचं सगळं वाया.

दुसरी अडचण आपल्या ‘वाऱ्या’ची. हा शब्द एका कीबोर्डवर सरळ ऱ वापरून लिहिला जातो, क्वचित र आणि नुक्ता जोडून, आणि बऱ्याच जुन्या लेआउटवर र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे. घरच्या डेस्कटॉपवर ठेवलेला पासवर्ड मोबाइलवर चालत नाही, आणि माणूस स्वतःच्या आठवणीला दोष देत बसतो. युनिकोडचं एनएफसी रूप (एकाच अक्षराच्या वेगळ्या लेखनांचं एक ठरलेलं रूप) करून घेतलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी हॅश करण्याआधी तुम्हालाच नियम लिहावा लागतो, तोही पहिल्या दिवशी, कारण मागाहून बदललात तर जुने हॅश जुळणार नाहीत. मानकं लिहिणाऱ्यांच्या टेबलावर मराठी कीबोर्ड नसतो. आपल्यासमोर असतो, तेव्हा हे आपणच पाहायला हवं.

माणसं कुठे अडतात ते जाऊन बघा

माझ्या नावावर जे थोडं संशोधन आहे ते भिवंडीच्या गोदामांत फिरल्यामुळे आहे. तिथे स्कॅनिंगचं एकच यंत्र तीन पाळ्यांत वेगवेगळ्या हातांत जातं. पुठ्ठे उचलून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, फिंगरप्रिंट लागत नाही. मग सगळ्यांचा मिळून एकच पिन होतो आणि तो भिंतीवर खडूने लिहिलेला असतो. त्या माणसांना ‘पिन गुप्त ठेवा’ असं सांगणं अन्यायाचं होतं. आम्ही प्रत्येकाच्या ओळखपत्रातली चिप आणि यंत्रातली किल्ली यांची जोडी पाळीपुरती जुळवली. पाळी संपली की किल्ली पुसली जाते. मुळातली कल्पना एका मुकादमाच्या प्रश्नातून आली: ‘मॅडम, कार्ड तर गळ्यातच असतं ना?’

असंच फसवणुकीकडे बघा. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला लोक सहा आकडे वाचून दाखवतात, कारण आकडे वाचता येतात. पासकीत वाचून दाखवण्यासारखं काहीच उरत नाही. फोन दर साइटसाठी किल्ल्यांची वेगळी जोडी बनवतो, खासगी किल्ली कोणत्याही साइटला देत नाही आणि सर्व्हरने दिलेल्या आव्हानावर सही करतो. त्या सहीत साइटचा पत्ताही गुंफलेला असतो, म्हणून नकली पत्त्यावर मिळवलेली सही खऱ्या बँकेकडे चालत नाही. याचं मानक, वेबऑथन, मार्च २०१९ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केलं. एका रविवारी स्वतःच्या लॅपटॉपवर ते चालवून बघा आणि पत्ता मुद्दाम बदलून ते कसं नकार देतं ते तपासा.

काही नवं सुचलं तर

तारीख घालून वहीत लिहा: अडचण काय, आज लोक काय करतात, तुमचा उपाय कुठे वेगळा. मग कोणत्याही परिसंवादात बोलण्याआधी किंवा कोड उघडा करण्याआधी पेटंटचा अर्ज करा. आधी जाहीर केलंत तर नावीन्य गेलं. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे, अर्ज मात्र ऑनलाइन होतो. एकट्या व्यक्तीला मूळ फी १,६०० रुपये. आधी तात्पुरता तपशील भरता येतो आणि पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो.

खरी अडचण पेटंट कायद्याच्या कलम ३(के) ची. निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदमला भारतात पेटंट मिळत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणामाला महत्त्व दिलं. त्यामुळे दाव्यात यंत्रात नेमकं काय बदलतं ते लिहा: किल्ली कुठे राहते, कधी पुसली जाते, कोणता हल्ला थांबतो. कंपनीत काम करत असाल तर हक्क बहुधा कंपनीकडे जातो, पण शोधकर्ता म्हणून अर्जात तुमचं नाव आलंच पाहिजे. त्यासाठी भांडावं लागलं तर भांडा, विशेषतः मुलींनी.

मुलाखतीआधी

प्रमाणपत्रांपेक्षा मी दोन गोष्टी मागते. एक, वरचा कोड, आरएफसीतल्या आकड्यांशी ताळा केलेला. दुसरी, ‘विसरलात का?’ या बटणाचा कागदावर काढलेला नकाशा. फोन हरवला, सिम बंद पडलं, नंबर रद्द होऊन काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळाला, आजोबांचं खातं नातीच्या फोनवर आहे: अशा प्रत्येक वेळी माणूस परत आत कसा येतो, आणि त्याच वाटेने चोर येऊ शकतो का, ते बाणांनी दाखवा. पासकी कितीही भक्कम असली आणि ही वाट एसएमएसवर टेकलेली असली, तर तुमच्या प्रणालीची ताकद एसएमएसइतकीच. नकाशा पेन्सिलीने काढा, मुलाखतीत आपण तो मिळून खोडणार आहोत.