हब मोटरचे गेलेले गिअर: जुळणारा जोड कसा शोधावा

इलेक्ट्रिक सायकलला थ्रॉटल दिला की मागच्या चाकातून नुसती घरघर ऐकू येते आणि सायकल जागची हलत नाही. किंवा चढावर जोर लागला की कटकट होते आणि ओढ तुटते. गिअर असलेल्या हब मोटरमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेल्या मोटरमध्ये, असे होऊ लागले की बहुतेक वेळा आतल्या तीन नायलॉन गिअरांचे दाते गेलेले असतात. त्यासाठी अख्खी मोटर बदलायची गरज नाही. अडचण वेगळीच आहे. दिसायला सारखे डझनभर गिअर विकायला असतात आणि त्यातला एखादाच आपल्या मोटरमध्ये बसतो.

मोटरवर कोरलेल्या नावावर पूर्ण भिस्त ठेवू नका. एकाच नावाच्या मोटरमध्ये पुढच्या बॅचला वेगळे गिअर आलेले असू शकतात, आणि वेगळ्या नावाच्या दोन मोटरींत तोच गिअर निघू शकतो. नाव शोध सुरू करायला कामाला येते, निकाल मात्र व्हर्निअर (बारीक मापे घेणारा कॅलिपर) देतो.

आधी खात्री करा की दोष गिअरचाच आहे

बॅटरी काढा, मोटरच्या केबलचा कनेक्टर सोडवा आणि मागचे चाक उचलून हाताने फिरवा. गिअर आणि क्लच (एकाच दिशेला जोर पोचवणारा भाग) धड असतील तर चाक पुढे मोकळे फिरते, कारण क्लच सुटतो. मागे फिरवताना मोटरही सोबत फिरते, म्हणून हाताला खाचांमधून जाणारी ओढ जाणवते. मागे फिरवतानाही चाक अगदी मोकळे फिरत असेल, तर दाते तरी गेलेत किंवा क्लच तरी घसरतोय. चाकाला दोन्ही दिशांना सारखीच खाचेखाचेची ओढ लागत असेल आणि हब ताटलीसारखा मोठा व चपटा असेल, तर ती बहुधा थेट चालणारी मोटर असते. तिच्यात गिअरच नसतात, तेव्हा पुढचे वाचायची गरज नाही.

मोटर सुरूच होत नसेल किंवा झटके देत थरथरत असेल, तर आधी कनेक्टर, हॉल सेन्सर (मोटरची फिरण्याची स्थिती ओळखणारा) आणि कंट्रोलर (मोटरला वीज देणारा डबा) तपासा. गिअर गेल्याची खूण अशी, की आत मोटर वेगाने फिरतेय हे ऐकू येते, पण चाकापर्यंत काही पोचत नाही.

उघडताना

१. एक्सलचे नट सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. टॉर्क वॉशरची (एक्सलला फ्रेममध्ये फिरू न देणाऱ्या वॉशरची) नखी कोणत्या खाचेत आहे, वॉशर कोणत्या क्रमाने आहेत, हे जोडताना आठवत नाही. १२ मिमी एक्सलला बहुतेकदा १८ नंबरचा पाना लागतो.

२. डिस्क ब्रेक असेल तर त्याची चकती, म्हणजे ब्रेकचा रोटर, काढा. त्याचे सहा स्क्रू सहसा टी२५ टॉर्क्सचे असतात. कव्हर फ्रीव्हीलच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) बाजूला असेल तर फ्रीव्हीलही काढावे लागते.

३. कव्हर काही मोटरींत सहा-आठ स्क्रूंनी बसवलेले असते, काहींत ते स्वतःच आट्यांवर फिरते. स्क्रू अडले तर साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी झिजवत बसू नका. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

४. कव्हर सीलंटने चिकटलेले असते. केबल नसलेल्या बाजूचे एक्सलचे टोक लाकडी ठोकळ्यावर प्लास्टिकच्या हातोडीने ठोका. केबल धरून कधीही ओढू नका.

५. गिअर ज्या चकतीवर बसतात ती सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडवलेली असते आणि तिच्याखाली एक्सलच्या खाचेत धातूची छोटी पट्टी, म्हणजे चावी, असते. चकती उचलताना ही चावी पडते आणि मोटरच्या फिरत्या भागाच्या चुंबकाला जाऊन चिकटते. तिथे तिला शोधायला बराच वेळ जातो, म्हणून आधीच तिच्यावर नजर ठेवा.

आता क्लच तपासा. चकती हातात धरून मधला भाग फिरवा. एका दिशेला फिरला आणि दुसऱ्या दिशेला पक्का अडला तर क्लच ठीक आहे. दोन्ही दिशांना फिरत असेल तर नुसते गिअर आणून उपयोग नाही, क्लचसकट पूर्ण चकती घ्यावी लागेल.

मोडलेले दातेही काही सांगतात. एकाच ठिकाणचे चार-पाच दाते मुळासकट तुटले असतील तर झटका बसला आहे, म्हणजे थांबलेल्या सायकलला एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यासारखा. दाते वितळून एका बाजूला झुकले असतील तर मोटर फार तापली. सगळे दाते सारखे टोकदार आणि पातळ झाले असतील तर ती वयाची किंवा सुकलेल्या ग्रीसची झीज.

मोजमाप: इथे घाई नको

तिन्हींतला सर्वांत धड गिअर निवडा, पुसा, एका दात्यावर मार्करने खूण करा आणि दाते दोनदा मोजा. तुटलेल्या दात्याचा बुंधाही एक दाता धरायचा. मग हे लिहून घ्या:

- दात्यांची संख्या
- बाहेरचा व्यास, दात्याच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत
- दात्यांची रुंदी आणि गिअरची एकूण उंची, दोन्ही वेगळी
- मधल्या भोकाचा व्यास, बेअरिंगसह आणि बेअरिंग काढून
- बेअरिंगवरचा नंबर आणि चकतीवरच्या, गिअर ज्यावर फिरतात त्या पिनची जाडी
- दाते सरळ आहेत की तिरपे, तिरपे असतील तर कोणत्या हाताला

दात्यांची संख्या विषम असेल तर व्हर्निअरच्या एका जबड्यासमोर दाता येतो आणि दुसऱ्यासमोर खाच, म्हणून व्यास कमी दिसतो. अशा वेळी भोकाच्या कडेपासून दात्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा, त्याची दुप्पट करा आणि भोकाचा व्यास मिळवा.

आता मॉड्यूल काढा, म्हणजे दात्याचा आकार. बाहेरचा व्यास भागिले, दाते अधिक दोन. ३६ दाते आणि ३८ मिमी व्यास असेल तर ३८ ÷ ३८, म्हणजे मॉड्यूल १. झिजलेल्या गिअरवर ०.९८ आले तरी ते १ च समजा. नायलॉन ओलावा शोषून किंचित फुगते, त्यामुळे एक-दोन दशांश मिलिमीटरच्या फरकाने घाबरू नका. उत्तर भलतेच आले तर मात्र दाते मुद्दाम थोडे सरकवून कापलेले असू शकतात, आणि मग खालचा पडताळा जास्तच गरजेचा ठरतो.

नायलॉन गिअर ज्याच्याभोवती बसतात त्या मधल्या स्टीलच्या गिअरचे दाते आणि ज्यात बसतात त्या बाहेरच्या, आतून दाते असलेल्या रिंगचे दाते मोजा. रिंगमधून मधल्याचे दाते वजा करून दोनाने भागले की नायलॉन गिअरचे दाते मिळतात. रिंग ९० आणि मधला १८ असेल तर (९० − १८) ÷ २ = ३६. तिन्ही गिअरांचा भुगा झाला असेल तर याच हिशोबाने हरवलेला आकडा परत मिळतो.

आणखी एक पडताळा आहे, आणि तो सर्वांत भरवशाचा, कारण पिन सहसा झिजत नाहीत. शेजारच्या दोन पिनांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजा, त्यातून एका पिनची जाडी वजा करा आणि १.७३२ ने भागा. हे पिनचे केंद्रापासूनचे अंतर. ते (मधल्याचे दाते + नायलॉन गिअरचे दाते) × मॉड्यूल ÷ २ इतके यायला हवे. वरच्या उदाहरणात (१८ + ३६) ÷ २ = २७ मिमी, म्हणजे दोन पिनांत केंद्र ते केंद्र साधारण ४६.८ मिमी. आकडे जुळले की मोजणी बरोबर आहे. जुळले नाहीत तर आधी दाते पुन्हा मोजा. एक दाता राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

त्या एका दात्याने काय बिघडते? ३६ च्या जागी त्याच मॉड्यूलचा ३५ चा गिअर बसेल, फिरेलही. पण दाते नीट खोल अडकणार नाहीत, जोर टोकांवर येईल आणि पहिल्या चढावर ते सोलले जातील. ३७ चा तर आत जाणारच नाही.

मागवताना

कंपनीचे नाव, व्होल्टेज आणि वॅट यांनी शोध सुरू करा, पण अडून बसू नका. त्याच सांगाड्याची मोटर ३६ आणि ४८ व्होल्टमध्ये येते तेव्हा बदलते ते वाइंडिंग (आतल्या तारेची गुंडाळी), गिअर बहुतेकदा तेच असतात. त्यापेक्षा दाते, बाहेरचा व्यास, उंची आणि भोक हे चार आकडे लिहून शोधा. विक्रेत्याने आकडे दिले नसतील तर व्हर्निअर लावलेला फोटो मागा.

बेअरिंगपाशी बरेच जण फसतात. ६०८ आणि ६९०० या दोन्ही बेअरिंगांचा बाहेरचा व्यास २२ मिमीच असतो, म्हणून गिअरच्या भोकात दोन्ही बसतात. पण ६०८ ला ८ मिमीची पिन लागते आणि ६९०० ला १० मिमीची. त्यांची जाडीही वेगळी आहे, अनुक्रमे ७ आणि ६ मिमी. गिअर बेअरिंगसह येतो की नुसता, हे आधीच विचारून घ्या.

उंचीत अर्धा मिलिमीटर कमी असेल तर चालून जाते, जास्त असेल तर गिअर कव्हरला घासतो. तिरप्या दात्यांत झुकाव उलटा असेल तर तो गिअर कधीच बसत नाही. बाफांग जी३१० सारख्या मोटरींत तिरप्या दात्यांची दोन टप्प्यांची मांडणी असते. तिथे सुटे गिअर जुळवत बसण्यापेक्षा त्याच मोटरचा पूर्ण संच शोधावा.

तीन गिअर एकत्रच बदला. दोन जुने आणि एक नवा बसवला की सगळा भार नव्यावर येतो. स्टीलचे गिअर मिळतात आणि मोहही होतो, पण ते आवाज करतात, आणि पुढचा झटका क्लचवर किंवा मधल्या गिअरवर जातो. नायलॉन आधी तुटते ते एका अर्थी बरेच.

बसवताना

नायलॉनचे तुकडे आणि जुने ग्रीस फडक्याने पूर्ण पुसून काढा, रिंगच्या दात्यांतून ब्रश फिरवा. क्लीनरचा फवारा वाइंडिंगवर किंवा क्लचमध्ये मारू नका. मधल्या स्टील गिअरच्या दात्यांवर नख फिरवा. धार किंवा खड्डा लागला तर तो नव्या नायलॉनला किसून काढेल.

नवे गिअर हाताच्या दाबाने बसले पाहिजेत. हातोडी लागत असेल तर थांबा आणि आकडे पुन्हा तपासा. चावी, चकती, सर्क्लिप बसवून हाताने पूर्ण फेरा फिरवा. कुठेही अडायला नको, आणि तिन्ही गिअरांत किंचित, सारखीच ढिलाई हवी.

लिथियमचे किंवा नायलॉनला चालणारे सिंथेटिक ग्रीस दात्यांच्या खाचा भरतील इतकेच लावा. जास्त झाले तर ते उडून वाइंडिंगवर जाते. क्लचच्या रोलरांत मात्र घट्ट ग्रीस नको, हलक्या तेलाचे दोन थेंब पुरतात. घट्ट ग्रीसमध्ये रोलर चिकटतात आणि नवे गिअर असूनही क्लच घसरतो.

कव्हरचे स्क्रू समोरासमोरचे घेत दोन-तीन फेऱ्यांत आवळा. चाक सायकलवर बसवताना टॉर्क वॉशर फोटोत होते तसेच लावा. मग चाक हवेत ठेवून हळू थ्रॉटल द्या. आवाज एकसारखा हवा. ठराविक अंतराने टक्‌ टक्‌ येत असेल तर एखाद्या दात्यात तुकडा राहिला आहे, पुन्हा उघडा. पहिले काही किलोमीटर सपाट रस्त्यावर पॅडल मारत चालवा आणि परत आल्यावर एक्सलचे नट पुन्हा तपासा.