टेक्स्टबॉक्समध्ये फक्त आकडे घ्यायचेत? मग या चुका टाळा

विंडोज फॉर्म्समध्ये (डॉटनेटमध्ये डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायची सोय) रकमेच्या टेक्स्टबॉक्सला अक्षरं नकोत, एवढंच काम असतं. नवा मुलगा नेटवरून चार ओळी उचलतो: कीप्रेसमध्ये (अक्षर टाइप झालं की उठणारा इव्हेंट) इजडिजिट (हा आकडा आहे का?) तपासा, आकडा नसेल तर हँडल्ड ट्रू, म्हणजे ते अक्षर बॉक्समध्ये जाऊच द्यायचं नाही. झालं. मग फोन येतो, "सर, बॅकस्पेस चालत नाही." बॅकस्पेसही कीप्रेसमध्ये येतो, कोड ८. त्याच्यासाठी इजकंट्रोल (हे बॅकस्पेससारखं न दिसणारं कंट्रोल अक्षर आहे का?) आधी तपासायचं, हे कॉपी केलेल्या कोडमध्ये नसतं आणि वाचायला कोणाला वेळ नसतो.

माझा खरा राग मात्र इजडिजिटवरच आहे. एका पतसंस्थेला मी भरणा पावतीचा प्रोग्रॅम दिला होता. ऑफिसात महिनाभर तपासला, सगळं ठीक. तिकडे दुसऱ्याच दिवशी सेव्ह दाबलं की प्रोग्रॅम बंद. फोनवर कॅशियरबाई शपथेवर सांगत होत्या, "आकडेच टाकलेत हो." शेवटी एसटीने गेलो. त्यांनी खातेदाराचं नाव मराठीत टाइप केलं, टॅब मारला आणि रकमेत लिहिलं ५००. कीबोर्ड मराठीवरच होता! डॉटनेटच्या लेखी देवनागरी ५ हासुद्धा डिजिटच, म्हणून इजडिजिटने त्याला आत सोडलं. पण डेसिमल पार्सला, म्हणजे मजकुराची रक्कम करणाऱ्या फंक्शनला, फक्त इंग्रजी 0 ते 9 कळतात. त्याने एक्सेप्शन (चालू प्रोग्रॅममधली चूक) फेकला आणि तो पकडायला ट्राय-कॅच मी लिहिलाच नव्हता. बाई खरं बोलत होत्या, गाढव मी होतो.

तेव्हापासून मी देवनागरी आकडा आला की गेटन्यूमरिकव्हॅल्यूने त्याची किंमत काढतो आणि गुपचूप इंग्रजी आकडा ठेवतो. "कीबोर्ड इंग्रजी करा" असा मेसेज दाखवणारे असतात. दिवसाला दोनशे पावत्या स्वतः फाडून बघा म्हणावं.

दुसरं, पेस्ट. माउसने राइट-क्लिक करून पेस्ट केलं की कीप्रेस उठतच नाही. "१२,०००/-" असं आख्खं आत. म्हणून कीप्रेस ही नुसती सोय समजा. खरी तपासणी व्हॅलिडेटिंगमध्ये (बॉक्समधून बाहेर पडताना उठणारा इव्हेंट), ट्रायपार्स लावून; तो पार्ससारखाच, पण एक्सेप्शन न फेकता जमलं की नाही एवढं सांगतो. कंट्रोल-व्ही बंद करणारे महाभागही पाहिलेत. खाते क्रमांक पेस्ट करणाऱ्या माणसाने तुमचं काय बिघडवलंय?

कीडाउनमध्ये (की खाली दाबताच उठणारा इव्हेंट) आकडे तपासत असाल तर दोनदा फसाल. शिफ्ट-५ ने % येतो, पण कीकोड (कुठली की दाबली ते सांगणारं नाव) डी५ च राहतो. आणि नमपॅडचा ५ म्हणजे नमपॅड५, डी५ नव्हे. कॅशियरचा हात तर कायम नमपॅडवर.

एंटर दाबल्यावर "टिंग" वाजतं? कीडाउनमध्ये सप्रेसकीप्रेस ट्रू करा, म्हणजे पुढे कीप्रेस उठतच नाही. स्पीकर बंद करणं हा उपाय नाही, हे एकाला खरंच सांगावं लागलं.

टॅब कीडाउनमध्ये येत नाही म्हणून रात्र घालवू नका. फोकस हलवायला फॉर्म तो आधीच खाऊन टाकतो. फॉर्मवर एफ२, एफ५ पकडायचे असतील तर कीप्रिव्ह्यू ट्रू, म्हणजे की आधी फॉर्मला कळते, मग टेक्स्टबॉक्सला.