सड्यावर काम करणार असाल तर: २४० क्वाड्रॅट आणि माझं वाया गेलेलं एक वर्ष

दर जूनमध्ये दोन-तीन मेसेज येतातच, की ताई, लँड यूज आणि वनस्पती असा विषय घेतलाय, कोकणातले सडे करायचेत, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते. क्वाड्रॅट (झाडं मोजायला जमिनीवर आखायचा चौकोन) म्हणजे काय, शॅनन इंडेक्स (विविधतेचा आकडा) कसा काढतात हे तुम्हाला येतं असं धरून चाललेय.

माझा विषय होता रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे लाल कातळाची उघडी पठारं, आणि त्यावर आंब्याची बाग झाली की मूळच्या झाडोऱ्याचं काय होतं. मे महिन्यात सडा म्हणजे नुसता तापलेला तवा, सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेला, सरकारी नकाशात पडीक. पहिल्या पावसात दिपकाडीची पांढरी फुलं येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, आणि दिवाळीपर्यंत परत तवा. कास २०१२ ला जागतिक वारसा यादीत गेलं म्हणून तिथं लोक तिकीट काढून जातात, खालच्या सड्यांच्या नशिबी ते नाही. १९९० ला रोजगार हमीतून फळबागेला अनुदान सुरू झालं आणि बागा सड्यावर चढायला लागल्या. कातळात सुरुंगाने नाहीतर जेसीबीने खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून भरायची, कलम लावायचं. शेतकऱ्याला नावं ठेवत नाहीये मी, हापूसवर घर चालतं लोकांचं, आमचंही चाललंय.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षी मी दोन बागा घेतल्या आणि दोन मोकळे सडे. प्रत्येकात ६० क्वाड्रॅट, एक मीटर बाय एक मीटर, म्हणजे एकूण २४०. चार महिने भिजून, जळवा काढत, रेनकोटच्या आत वही धरून मोजलं सगळं. टेस्ट लावली, पी व्हॅल्यू (जेवढी लहान तेवढा फरक नुसता योगायोग असण्याची शक्यता कमी, असं आपण समजतो) एवढी बारीक आली की मी आईला फोन करून सांगितलं (तिला काय कळलं देव जाणे). मग प्रेझेंटेशनला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, त्यांनी एकच प्रश्न विचारला, सडे किती? मी म्हटलं २४०. त्या म्हणाल्या क्वाड्रॅट नाही गं, सडे. चार, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

हे नीट समजून घ्या, कारण मला समजायला एक आख्खा पावसाळा गेला. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तर एका पातेल्यातली ६० शितं चाचपून त्या पातेल्यातला भात शिजला की नाही एवढंच कळतं. गावातल्या सगळ्या चुलींवर गॅसपेक्षा भात चांगला शिजतो का, हे विचारायचं असेल तर पातेली जास्त लागतात, शितं नाही. माझा प्रश्न बागा विरुद्ध मोकळे सडे असा होता, म्हणजे माझी पातेली दोन आणि दोन. एकाच सड्यावरचे ६० क्वाड्रॅट एकमेकांचे सख्खे भाऊ असतात, तोच उतार, तीच ओल, तीच गुरं. ते ६० स्वतंत्र पुरावे नाहीतच. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्ट नावाच्या इकॉलॉजिस्टने १९८४ लाच यावर पेपर लिहून ठेवलाय, आणि तरी दर वर्षी कोणीतरी माझ्यासारखं त्यात पडतंच.

आणि हे नुसतं आकडेमोडीचं लफडं नाही. माझ्या दोन मोकळ्या सड्यांपैकी एक सपाट होता, पाणी धरून ठेवणारा, घोट्याएवढ्या डबक्यांचा. दोन्ही बागा उतारावर. मग बागेत गेंद नाही, मोकळ्यावर गेंदच गेंद, असा जो फरक मी छाती फुगवून दाखवत होते, तो बागेमुळे किती आणि पाण्यामुळे किती हे माझ्या डेटातून कोणालाच सांगता आलं नसतं. शिवाय बागा सगळ्या सारख्या नसतात. कोणी कल्टार (मोहर लवकर यावा म्हणून द्यायचं औषध) घालतं, कोणी तणनाशक मारतं, कोणी गवत कापून आळ्यात टाकतं, एखादी बाग मालक मुंबईला म्हणून रानमोडीच्या तणाने भरलेली. दोन बागा बघून 'आंबा बाग' या विषयावर बोलणं म्हणजे दोन जावई बघून जावयांवर बोलणं.

कोणीतरी तुम्हाला म्हणेल की मिक्स्ड मॉडेलमध्ये सडा रँडम इफेक्ट म्हणून टाक (म्हणजे एका सड्यावरचे क्वाड्रॅट एक गट आहेत हे गणितालाच सांग), झालं काम. मला पण म्हणाले. मॉडेल टाकाच, पण त्याने चार सड्यांचे चाळीस होत नाहीत. ते मॉडेल फक्त तुमच्याकडे चारच आहेत हे प्रामाणिकपणे सांगतं.

रडून झाल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. १२ जोड्या, प्रत्येक जोडीत एक बाग आणि तिच्या शेजारचा तसाच उतार असलेला मोकळा तुकडा, प्रत्येकी १० क्वाड्रॅट. १२ गुणिले २ गुणिले १०. उत्तर परत २४०. तेवढेच क्वाड्रॅट, तेवढाच घाम! फक्त स्कूटीचं पेट्रोल जास्त लागलं. ज्यांचं अजून पहिलं वर्ष आहे त्यांनी घाबरू नका, तुमच्या हातात अजून सगळं आहे, मे महिन्यात एक दिवस बसून हा हिशोब करा. ज्यांचा सीझन झालाय आणि सडे दोन-तीनच आहेत, त्यांनी जास्त क्वाड्रॅट टाकून काही सुधारेल ही आशा सोडा. नाही सुधारणार. पण तो डेटा फेकू पण नका, एका सड्याचं वर्णन म्हणून तो चांगलाच असतो, फक्त त्याच्याकडून बागांबद्दल साक्ष काढू नका.

बाकीचं भराभर सांगते. नुसत्या स्पीशीज मोजू नका, बागेत संख्या कधीकधी वाढते सुद्धा, कारण मातीबरोबर टाकळा, कुर्डू असली भरती येते. कोण गेलं आणि कोण आलं ते बघा. एकाच सड्यावर जून, ऑगस्ट आणि सप्टेंबरअखेर अशा तीन तरी फेऱ्या हव्यात. फोटो काढून ॲपवर ओळखायच्या भानगडीत पडू नका, गेंदाच्या कितीतरी जाती मायक्रोस्कोपखाली फुलं-बिया बघितल्याशिवाय सुटत नाहीत, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जाऊन बसा, पुण्या-मुंबईत आहेत चांगली. सॅटेलाइटवर पण फार विसंबू नका, पावसाळ्यात ढग, आणि दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये बोटभर गेंद कुठून दिसणार.

गाइडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या नावाचा पण फील्डवर कधीच न येणारा गाइड असेल तर निदान एक माणूस असा शोधा जो तुमचं डिझाइन पावसाआधी वाचेल आणि तोंडावर बोलेल. माझं कोणी वाचलंच नव्हतं, सगळे 'छान आहे' म्हणाले. आणि सड्यावर गुरं राखणाऱ्या काकांना विचारल्याशिवाय जागा ठरवू नका. माझा एक 'मोकळा' सडा बारा वर्षांपूर्वीपर्यंत नाचणीचं शेत होता, बांध दगडांत विरघळले होते, मला दिसलेच नाहीत, काकांनी काठीने दाखवले.

परवानगी घ्याच. जमिनी खाजगी असतात, सातबारा सामाईक, त्यावर वीस-तीस नावं आणि निम्मी मुंबईला. राजापूरकडे तर 'सर्व्हे' हा शब्द तोंडातून काढूच नका, रिफायनरीच्या वादानंतर लोक लगेच वाट अडवतात आणि त्यांचं काही चुकत नाही. फुलं मोजतेय म्हणा, वही दाखवा, चहा दिला तर प्या.

आणि जोड्या दोन जास्त धरा. मी बरोबर १२ धरल्या होत्या. ऑगस्टच्या फेरीला आठव्या जोडीवर गेले तर मोकळ्या तुकड्याच्या जागी चिरेखाण, पावसाळ्यात बंद ठेवलेली, खड्ड्यात लाल पाणी साचलेलं आणि कडेला चिऱ्यांच्या थप्प्या. जूनमध्ये मी खुणेला ठोकलेला खिळा तेवढा एका थप्पीपाशी पडलेला सापडला. पेपरमध्ये ११ जोड्या आहेत.