क्लिप रिजेक्ट का होते आणि पास झाली तरी खपत का नाही? स्टॉक फुटेज विकताना या चुका टाळा

आषाढी एकादशी झाली की सांगलीतले आम्ही लग्नाचे शूटिंगवाले जवळजवळ बेकारच. पुढचे मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतर. मध्ये एखादं बारसं, एखाद्या दुकानाचं उद्घाटन, गणपतीची मिरवणूक. पण कॅमेऱ्याचा हप्ता काही चातुर्मास पाळत नाही. अशाच एका रिकाम्या पावसाळ्यात मी स्टॉक फुटेजच्या नादाला लागलो. ॲडोब स्टॉक, शटरस्टॉक, पाँडफाइव्ह अशा साइटवर आपल्या छोट्या क्लिप ठेवायच्या. जगात कुठेतरी कुणीतरी त्या जाहिरातीसाठी, माहितीपटासाठी विकत घेतं आणि त्यातला वाटा आपल्याला मिळतो. पहिल्या खेपेला ६० क्लिप चढवल्या, १९ पास झाल्या. त्या १९ मधली एकही पुढचे पाच महिने विकली गेली नाही.

तेव्हा कळलं की रिजेक्ट होणं आणि न खपणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचं कारण साइट कळवते, त्रोटक का होईना. दुसऱ्याचं कुणीच सांगत नाही, ते आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

लग्नाच्या हार्ड डिस्कला हात लावू नका

प्रत्येकाच्या डोक्यात आधी हाच विचार येतो: दहा वर्षांची लग्नं पडून आहेत, तीच चढवू. मीही हेच करणार होतो. पण शूट आपण केलं म्हणून ते आपलं होत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून फिल्म बनवून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा तिचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणजे नवरीचे वडील. शिवाय मांडवात दिसणारे शेकडो चेहरे आहेत, मागे डीजेवर वाजणारं कुणाच्या तरी मालकीचं गाणं आहे. हळदीच्या कार्यक्रमातल्या करवलीला आपण परदेशातल्या साबणाच्या जाहिरातीत दिसलो हे वर्षभराने कळलं, तर ती काय म्हणेल याचाही विचार करा. स्टॉकसाठी वेगळं शूट करायचं, दुसरा मार्ग नाही.

देखावा सगळेच विकतात

माझ्या त्या १९ क्लिपमध्ये आयर्विन पुलामागचा सूर्यास्त होता, कृष्णाकाठची सकाळ होती, ढग होते. क्लिप सुंदर होत्या, मुद्दा तो नाही. सूर्यास्त जगातल्या प्रत्येक कॅमेरावाल्याच्या गावात होतो. विकत घेणारा असतो एडिटर. त्याच्यापुढे स्क्रिप्ट असते, त्यात लिहिलेलं असतं, 'मसाला शेतातून बाजारात येतो', आणि त्याला त्या वाक्यावर टाकायला आठ सेकंद हवे असतात. त्याला वाहवा करायची नसते, भोक बुजवायचं असतं.

आणि ते बुजवण्याचं सामान आपल्या दारात आहे. हळद शिजवणं, उन्हात पसरणं, ड्रममध्ये पॉलिश करणं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे तिचं नाव आता बाहेरही घेतलं जातं. तासगावकडच्या बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर सुकणारी द्राक्षं, मिरजेत सतारीसाठी कापला जाणारा भोपळा, उसाचं गुऱ्हाळ. असं फुटेज सूर्यास्ताच्या मानाने जगात किती थोडं आहे, हे एकदा साइटवर शोधून बघा. माझी पहिली विकली गेलेली क्लिप बेदाण्याच्या जाळीवरून फिरणाऱ्या एका हाताची होती. चौदा सेकंद. मी ती जवळजवळ डिलीट करणार होतो.

पण विषय बरोबर असला तरी लग्नाची सवय आडवी येते. गिंबलवर (हातात धरून कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) गोल फिरणं, मध्येच झूम, स्लो मोशन, शेवटी फेड, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव. हे सगळं एडिटरला निरुपयोगी. त्याला शॉट दोन्ही बाजूंनी कापता यायला हवा. म्हणून ट्रायपॉड लावा, कॅमेरा हलवायच्या आधी दोन सेकंद आणि थांबल्यावर दोन सेकंद स्थिर ठेवा. एकाच कामाचा लांबचा, मधला आणि अगदी जवळचा असे तीन शॉट घ्या. फ्रेममध्ये कुठेतरी अक्षरं बसायला मोकळी जागा सोडा. ॲडोब आणि शटरस्टॉकवर क्लिप ५ ते ६० सेकंदांची चालते. मी १० ते २० मध्येच राहतो. एकाच जागेवरून घेतलेल्या बारा सारख्या क्लिप चढवल्या तर 'सिमिलर कंटेंट' म्हणून परत येतात. तिथे मोह आवरायचा, दोन ठेवायच्या.

रंगाबद्दल एवढंच: हळद पिवळी दिसली पाहिजे. लग्नातलं ते निळं-नारिंगी ग्रेडिंग इथे नको, आणि लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर भरायचे म्हणून फिकं घेतलेलं राखाडी फुटेज तसंच ढकलणंही नको.

ट्यूबलाइटखालचे पट्टे

रिजेक्ट होण्याच्या कारणांत नॉइज म्हणजे चित्रातले दाणे, फोकस, हलणं ही नेहमीची मंडळी असतात. ती डोळ्याला दिसतात. मला सगळ्यात जास्त छळलं ते फ्लिकरने, म्हणजे दिव्याच्या लुकलुकण्याने, कारण कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तो कळतच नाही. मिरजेत सतारीच्या कारखान्यात अर्धा दिवस शूट केलं. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहतो तर भिंतीवरून आडवे फिकट पट्टे वर सरकतायत. अख्खा दिवस पाण्यात.

कारण सोपं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/६० ठेवलं, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उघडं, तर प्रत्येक फ्रेमला उजेडाचा वेगळा तुकडा मिळतो. अनेक मोबाइल आणि कॅमेरे मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेले येतात, त्यामुळे आपणही नकळत १/६० वर जातो. शटर १/५० किंवा १/१०० करा, पट्टे जातात. फ्रेम रेट २५ घेतला तर १/५० आपोआप जुळतं. खरी पंचाईत स्लो मोशनमध्ये होते: १२० फ्रेमला शटर १/१२० पेक्षा संथ ठेवताच येत नाही, म्हणजे अशा दिव्याखाली सुटका नाही. स्लो मोशन उन्हात, नाहीतर खिडकीशी बसवून. नंतर सॉफ्टवेअरने पट्टे काढता येतात असं सांगणारे भेटतील. थोडे निघतात, पण सोबत भोपळ्यावरची नक्षीही मऊ होते.

एक्स्पोर्टची चूक याच जातीची. गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवायच्या सेटिंगवर फाइल काढली की आकाशात रंगाचे जिने दिसतात. फोरके क्लिप १०० एमबीपीएसला काढली तरी २० सेकंदांची फाइल २५० एमबीच्या आसपास होते. गावाकडच्या नेटवर तेवढी रात्री लावून ठेवता येते. एचडीचं शूट ताणून फोरके करू नका, पकडलं जातं.

कॅमेऱ्यापेक्षा कागद महाग

ओळखू येणारा चेहरा असेल आणि क्लिप जाहिरातीसाठी विकायची असेल, तर त्या माणसाचा सही केलेला मॉडेल रिलीज, म्हणजे संमतीचा कागद लागतो. त्यावर साक्षीदाराचीही सही घ्या, आणि साक्षीदार तिसराच माणूस हवा, आपण नाही. अठराच्या आतलं पोर असेल तर आई-वडिलांची सही. खाजगी कारखाना, शेड, घर आतून दाखवायचं तर मालकाचा प्रॉपर्टी रिलीज. हे सगळं शूटच्या दिवशीच. 'नंतर येतो सही घ्यायला' म्हणालात की तो माणूस ऊसतोडीला गेलेला असतो.

आपण समजतो, चेहरा टाळला, फक्त हात घेतले, झालं. माझी हळद निवडणाऱ्या बाईच्या हातांची क्लिप परत आली, कारण मनगटावर गोंदण होतं. गोंदणावरून माणूस ओळखू येतो, म्हणून रिलीज हवा. तसंच ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं नाव, पोत्यावरचा छाप, टोपीवरची जाहिरात. शूटच्या आधी पोतं उलटं करायला दोन मिनिटं लागतात, नंतर एडिटिंगमध्ये पुसायला दोन तास.

सही कशी मागायची? इंग्रजी कागद पुढे करून 'इथं करा सही' हे नुसतं चूक नाही, लबाडीही आहे. गुऱ्हाळावरच्या गुळव्याला मी सांगितलं, "मामा, हा व्हिडिओ इंटरनेटवर विकायला ठेवणार. कुणी घेतला तर तुम्ही कसल्या तरी जाहिरातीत दिसाल. कसली, ते मलाही आधी कळणार नाही." त्यांनी काहिलीतून नजर न काढता विचारलं, "आन् पैसं कवा येत्यात?" मी म्हटलं, माझं मला ठाऊक नाही, पण तुमच्या आजच्या वेळेचे आत्ताच देतो. दिले, मग सही झाली. विकलं गेलं की देतो, असा वायदा करू नका. पहिली विक्री व्हायला वर्ष लागू शकतं, आणि गावात शब्द लक्षात ठेवतात.

जिथे सह्या शक्यच नाहीत तिथे एडिटोरियल. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. तिथे हजारो चेहरे. असं फुटेज बातमी, माहितीपट यांसाठी जातं, जाहिरातीसाठी नाही. शटरस्टॉकवर त्याचं वर्णन ठरलेल्या साच्यात लागतं: शहर, देश, डॅश, तारीख, मग कोलन देऊन काय घडतंय ते. तारीख शूटची, अपलोडची नव्हे. आणि फ्रेममधून काही पुसायचं नाही, घालायचंही नाही. मी एकदा रिंगणातला एक फलक पुसला होता, तोही चांगला जमला होता. क्लिप एडिटोरियलला चालेना आणि चेहऱ्यांमुळे जाहिरातीलाही चालेना.

ड्रोनचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ आहेत, सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर नकाशा आहे, उडवण्याआधी झोन बघा. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन कमाईसाठी उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि स्टॉकवर विकणं ही कमाईच. कास पठारावर वनखात्याच्या परवानगीशिवाय नको, कोयना धरणाच्या बाजूला तर विचारही नको.

पैसे येतात, पण कमी का येतात?

ॲडोब व्हिडिओला ३५ टक्के देतं. शटरस्टॉकवर २०२० पासून १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाशी येतात. जानेवारीत कमाई घसरली म्हणून क्लिप काढून टाकणारे मला माहीत आहेत. पायरी उतरलेली असते, मागणी नव्हे.

दुसरी गळती टॅक्सची. या साइट अमेरिकेतल्या. डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म ऑनलाइन भरला नाही तर तिकडच्या विक्रीवर ३० टक्के कापले जातात. भरून भारताशी असलेला कर-करार लागू झाला की रॉयल्टीवर १५ टक्के. फॉर्ममध्ये पॅन नंबर टाकायचा. हा फॉर्म कायमचा नसतो, भरल्यानंतरचं तिसरं वर्ष संपलं की संपतो. अचानक कपात वाढली तर आधी हे तपासा. आणि नाव! खातं स्टुडिओच्या नावाने, पॅनवर आडनाव शेवटी, बँकेत आडनाव आधी, पेपालवर वडिलांचं नाव गायब. पैसे अडकण्याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. सगळीकडे पॅनवरचंच नाव, अक्षर न् अक्षर.

नाव चुकलं की क्लिप हरवली

आता न खपण्याचं खरं कारण. माझ्या कासच्या क्लिपचं शीर्षक होतं 'ब्युटिफुल पर्पल फ्लॉवर्स'. जगातल्या सगळ्या जांभळ्या फुलांच्या ढिगात ती गाडली गेली. ती सीतेची आसवं होती, म्हणजे युट्रिक्युलॅरिया. मुळांच्या जागी असलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खाणारी वनस्पती. शीर्षकात 'कार्निव्होरस प्लांट', 'वेस्टर्न घाट्स', 'कास प्लॅटो' आलं आणि ती विज्ञानाचा व्हिडिओ बनवणाऱ्याला सापडायला लागली. मिकी माऊस म्हणतात त्या पिवळ्या फुलाला मात्र ते नाव देऊ नका, ते कुणाच्या तरी मालकीचं आहे. स्मिथिया लिहा.

ॲडोबवर क्लिप सापडावी म्हणून ४९ शब्द (कीवर्ड) देता येतात, पण पहिले दहा सगळ्यात वजनदार. कोटा भरायचा म्हणून मुंबई, ताजमहाल, योगा घालू नका. उलट परदेशी माणूस वस्तूचं नाव माहीत नसताना काय शोधेल ते लिहा: 'जॅगरी' त्याला ठाऊक नसेल, 'बॉइलिंग शुगरकेन ज्यूस' त्याला सुचेल.

हेसुद्धा मला गुऱ्हाळावरच समजलं. पास झालेली क्लिप मामांना मोबाइलवर दाखवायला गेलो. 'गूळ बनवताना' असं नाव दिलंय म्हणालो. त्यांनी क्लिप दोनदा पाहिली. "ह्यात गूळ कुठं हाय? नुसता रस हाय. भेंडीचं पाणी टाकून मी मळी काढतोय बघ. गुळाला अजून लई येळ." घरी येऊन शीर्षक बदललं. पुढच्या आठवड्यात साच्यात ढेप पडतानाचं शूट करायला पुन्हा गेलो, या वेळी सहीचा कागद आधीच भरून.